तेल पाजलेल्या काठ्या

टेम्पो संध्याकाळी येणार होता आणि सकाळी अकराही काठ्यांवरचा रंग नखाने ओढला की सालपटासारखा निघत होता.

देवणी तालुक्यातल्या एका गावात मी ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र चालवते. कार्यक्रम साधा होता. प्रत्येकाने एक काठी रंगवायची, मग सगळ्या शेजारी शेजारी बांधून एक मोठं पॅनल करायचं. ते लातूरच्या प्रदर्शनात जाणार होतं. आधी काठी सोलायची, मग प्रायमर द्यायचा. प्रायमर म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला हात. बाभळीच्या काठ्या सोलायला मी सगळ्यांच्या घरी दिल्या होत्या. घोळ तिथेच झाला.

“काका, काठीला काही लावलं होतं का?”

केंद्रातल्या ग्यानोबाकाकांनी कीव आल्यासारखं पाहिलं. “तेल पाजलं की. करडीचं. नवी काठी कोरडी धरतंय व्हय कुणी?”

“सगळ्यांनी?”

“हाव. ते काय सांगाया लागतंय?”

अकरा जणांपैकी एकाच्याही दावणीला आता जनावर नाही. शेतं ट्रॅक्टरवर गेली. पण काठी हातात आली आणि हातांनी आपलं काम केलं.

लातूरला प्रदर्शन भरवणाऱ्या सरांना फोन लावला.

“रेडिमेड पट्ट्या घ्या, तुम्हीच रंगवा. फुलं, पक्षी. विषय आनंदी पाहिजे. कुणाला कळणारे?”

“त्यांना कळेल, सर.” मी फोन ठेवला. माणसांच्या नावाने माझ्या हातचं पाठवणं याला मी खोटं म्हणते.

फुलं कुणालाच नको होती. ग्यानोबाकाका तर फक्त वानेऱ्यासाठी येत होते. वानेरा म्हणजे देवणी बैलातला एक प्रकार: अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. त्यांचा वानेरा बाजारात दिला त्याला बरीच वर्षं झाली. फोटो एकही नाही.

“एकदा त्याचं तोंड निघालं पायजे, बाई. आता डोळ्यापुढं नीट येईना गेलंय.”

आम्ही काठ्या राखेने घासल्या, साबणाने धुतल्या, उन्हात वाळवल्या, पॉलिश पेपर मारला. दहा काठ्यांनी रंग धरला. काकांची धरेना. त्यांनी तीनदा तेल पाजलं होतं.

“लईच लाड केले राव काठीचे,” शेजारचे माधवराव म्हणाले.

काका घरी गेले. परत आले तेव्हा वाटीत चुलीवरच्या तव्याची काजळी होती, करडीच्या तेलात कालवलेली. तेलकट लाकडाने ती लगेच ओढून घेतली. पांढऱ्या रंगाची गरजच पडली नाही. सोललेलं लाकूड तेच अंग. दोन काळे गाल उमटले, मग डोळा. काका बराच वेळ काठी लांब धरून बघत राहिले.

काजळी वाळत नाही, म्हणून ती काठी कागदात वेगळी गुंडाळून पाठवली.

प्रदर्शन संपल्यावर मी ती परत नेऊन दिली.

“लोकांनी बघितला?”

“बघितला.”

“वानेरा म्हनून वळखला का कुणी?”

“नाही, काका.”

त्यांनी मान हलवली आणि वानेऱ्याच्या गालावरची पुसट झालेली काजळी बोटाने सारखी करत बसले.

तेव्हापासून सामान वाटण्याआधी मी विचारते: ही वस्तू हातात आली की तुम्ही आधी काय करता? प्रायमरचा डबा त्यानंतर उघडते.