अंबूकाकूने मांडलेलं घर

अंबूकाकूला एक खोड होती. कुठलीही वस्तू ठेवली की ती दोन पावलं मागे जायची, डावा डोळा मिटायची आणि मान वाकडी करून बघायची. मग पुढे येऊन ती वस्तू बोटभर सरकवायची आणि म्हणायची, "आता बसली बघ!" देवापुढची समई असो, लोणच्याची बरणी असो, नाहीतर आमचे काका असोत. काकांना ती दोन्ही खांदे धरून सरकवायची.

ही खोड दसऱ्याची. आमच्या म्हैसुरात नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी, खाली देव, त्याखाली वाणी, पहिलवान, बँडवाले. शेजारपाजारच्या बायका बघायला येतात आणि आलेल्या बाईला हळदीकुंकू आणि खाऊ दिल्याशिवाय पाठवायचं नाही. देवराज मोहल्ल्यात काकूची मांडणी पहिल्या नंबरची. हा नंबर तिचा तिनेच दिला होता, पण हरकत घ्यायची छाती कोणाची नव्हती.

काका पोस्टमन. आमचे खापरपणजोबा म्हणे महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. काकांच्या वाट्याला सायकल आली. मंडी मोहल्ल्यातलं दार न् दार त्यांनी तीस वर्षं पालथं घातलं, आणि रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. घर शिंप्याच्या दुकानावर, मधे सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. दीड वर्षात काकांचा पाय रस्त्याला लागला नव्हता. खिडकीत बसून नव्या पोस्टमनच्या चुका काढायच्या, एवढीच त्यांची करमणूक. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहत होतो आणि त्या चुका रोज संध्याकाळी ऐकत होतो.

काकूने ठरवलं, हे घर विकायचं. बन्नूर रस्त्याला एक बैठं घर तिने हेरून ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला एकच पायरी. भाड्याच्या घरात जायला काका तयार नव्हते. "भाड्याच्या घरात मी मरणार नाही," हे वारं गेल्यानंतर त्यांनी नीट उच्चारलेलं पहिलं वाक्य. बैठ्या घराचे मालक युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, थांबायला कबूल झाले होते. म्हणजे युगादीच्या आत आमचं घर विकलं गेलं, तर काका रस्त्यावर. चांगल्या अर्थाने.

पुट्टस्वामी नावाचा दलाल आला. त्याने घर बघितलं, काकांना बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, दोन गोष्टी. पसारा दिसता कामा नये, आणि पेशंट दिसता कामा नये. आजारी माणूस दिसला की लोक वास्तूला दोष देतात."

"अष्टेना? एवढंच ना?" काकू म्हणाली. "मांडणीचं मला नको शिकवूस!"

तिथून आमचे हाल सुरू झाले. राहतं घर, पण राहिल्याची खूण दिसायची नाही. माझं दाढीचं सामान तांदळाच्या डब्यात, गाद्या माळ्यावर, ओले कपडे शिंप्याकडे. फोडणी सकाळी सहाच्या आत. मी भिंतीला टेकलो की काकू ओरडायची, "भिंत सोड! डोक्याचं तेल लागतंय!" काकांच्या शौचाच्या खुर्चीवर तिने जरीचं पातळ घातलं, वर समई आणि शेवंतीची फुलं ठेवली. एका बाईने आल्याआल्या तिच्यापुढे हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी मागितलंसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पंचा कोंबला.

आणि काका? त्यांना कोट, डोक्याला जरीचा पेटा, डाव्या हातावर शाल, मांडीवर पेपर. पायात पॉलिश केलेले पोस्टातले बूट. काकू दोन पावलं मागे जायची, डोळा मिटायची. "अहो री, हलायचं नाही हं. बोलायचं नाही. नुसतं हसायचं."

"दसरा संपला की मलाही चिंध्यांत गुंडाळून पेटीत घाल," काका तोंड वाकडं करत म्हणायचे.

"हसा म्हटलं ना!"

सगळं सुरेख जमलं, पण एक घोळ झाला. मांडलेलं घर बघायला आलेल्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं, हे काकूच्या हातून होईना. हळदीकुंकू, पानसुपारी, वर खायला गरम कोडबळी, आपल्या कडबोळ्यांसारखी. पंधरा दिवसांत बातमी मोहल्लाभर झाली आणि बायका घोळक्याने घर बघायला येऊ लागल्या. एक तर तिसऱ्यांदा आली, सोबत नणंद. पुट्टस्वामीने कपाळावर हात मारून घेतला. "अम्मा, घर विकायला काढलंय की मुलीचं लग्न?"

"घर बघायला आली म्हणून ती माणसं नाहीत का रे? तूही घे दोन, सुम्ने उगाच तोंड चालवू नकोस."

त्याने चार घेतली.

युगादीला आठ दिवस राहिले तेव्हा खरं गिऱ्हाईक आलं. शिमोग्याकडून बदली होऊन आलेले बँकेतले साहेब, आपलीच मराठी माणसं, बायको आणि म्हातारी आई. साहेबांना घर आवडलं, बायकोला खिडक्या आवडल्या. काका राजासारखे हसत बसले होते. पुट्टस्वामीने काकूला आधीच पढवून ठेवलं होतं: मालकांचं विचारलं तर म्हणायचं, रोज मार्केटपर्यंत पायी जाऊन येतात. काकूने आठ दिवस हे वाक्य घोकलं होतं. पोळ्या लाटताना मी ऐकलं होतं.

साहेबांची आई सगळ्यात शेवटी वर पोचली. धापा टाकत होती. काठी भिंतीला टेकवून तिने काकूचा हात धरला आणि विचारलं, "जिना उभा आहे हो. तुमच्या यजमानांना जमतं का रोज?"

काकूने तोंड उघडलं. पुट्टस्वामी मागून 'हो म्हणा' अशी मान हलवत होता. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"नाही जमत," काकू म्हणाली. "दीड वर्ष झालं, ते खाली उतरलेले नाहीत. आई, तुम्ही नका घेऊ हे घर. एकदा वर आलात की इथेच बसाल."

साहेब कोडबळी हातात धरून उभे राहिले. आई काकांकडे बघत राहिली. काकांनी शालीतून डावा हात बाहेर काढला, उजव्या हाताने धरून, आणि तिला नमस्कार केला. पाच मिनिटांत सगळे गेले. पुट्टस्वामी जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

मी तेव्हा चोवीसचा, संतापी. काकूवर जन्मात ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. "काय गरज होती? काकांपेक्षा ती म्हातारी जवळची झाली? एक वाक्य बोलली असतीस तर काका पुढच्या आठवड्यात ओट्यावर बसले असते!"

काकू जमिनीवर बसली होती. समोर सगळं घर लखलखीत मांडलेलं. "अरे मरी, बाळा, बोलणारच होते," ती म्हणाली. "तोंडात आलं होतं. पण तिने हात धरला रे. हात धरलेल्या बाईशी खोटं कसं बोलायचं, ते मला कोणी शिकवलंच नाही." आणि ती रडली. काका खुर्चीतून म्हणाले, "पेटा काढा आता कोणीतरी." मी काढला.

युगादी गेली, बैठं घर दुसऱ्याने घेतलं. श्रावणात काका गेले. शिंप्याच्या दुकानातल्या चौघांनी त्यांना त्या जिन्यावरून खाली आणलं, वळणावर तिरकं करून.

काकू पुढे नऊ वर्षं त्याच घरात राहिली. दर युगादीला मी पाया पडायला वाकलो की ती माझ्या डोक्यावर हात ठेवायची आणि हळूच विचारायची, "खरं सांग मरी, माझं चुकलं का रे?"

"नाही, काकू," मी म्हणायचो.

पहिली चार वर्षं मी खोटं बोललो.