गॅरेजमधला पाट

माझ्या दुसऱ्या लग्नाची बातमी मला माझ्या धाकट्या भावाकडून कळली, आणि तीसुद्धा तो शाल-नारळ घेऊन दारात उभा राहिल्यावर.

त्याआधी मी काय करत होते, ते सांगते. अमरावतीला आमचं जोडघर आहे. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे वानखडे साहेब, आणि दोघांत मिळून एक गॅरेज. मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली विधवा, ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले विधुर. त्यांनी गाडी विकून टाकली, माझ्या स्कूटरला अंगण पुरतं. त्यामुळे गॅरेजमध्ये कोळ्याची जाळी आणि एक मांजर एवढेच राहत होते. (मांजर कुणाचं, यावरून आमची जुनी भांडणं आहेत. ती इथे नकोत.)

अशात भास्करच्या, म्हणजे माझ्या या भावाच्या, मुलीचं लग्न ठरलं. मला मूलबाळ नाही. रश्मी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. तेव्हा मनाशी पक्कं केलं, की पोरगी हळदीला बसेल ती माझ्या हातच्या सागवानी पाटावरच! बाजारात पाट मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मला तो करायचा होता. एक फळी आणि खाली चार ठेंगणे पाय, त्यात आहे काय!

मी करवत, रंधा, हातोडी घेऊन आले आणि गॅरेजचं दार उघडलं. ठोकाठोक ऐकून वानखडे साहेब डोकावले.

"ताई, काय चाललंय?"

"सुतारकाम."

"मग मीही येतो. नाहीतरी दिवसभर टीव्हीशीच भांडून राहिलो."

झालं! मी जुनं जेवणाचं टेबल आणलं, त्यांनी लाकूड कापायचं विजेचं मशीन आणलं. परतवाड्याहून सागवानाची फळी आली. फळी छान निघाली, तासून आरशासारखी केली. पण पाय! जन्मभर पोरांच्या डोक्यात काटकोन कोंबला, आणि इथं एक पाय काटकोनात बसेल तर शपथ! पाट डुगडुगला की मी लांब पाय कापायचे, मग दुसराच लांब ठरायचा, की साहेब तो कापायचे. चौरंगाएवढा उंच निघालेला आमचा पाट असा कमी कमी होत जमिनीकडे चालला होता.

त्याच धामधुमीत भास्करचा अकोल्याहून फोन आला. त्याचं तिथं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान आहे. इकडे साहेबांचं मशीन सुरू, घर्रर्र!

"ताई, काय करून राहिली?"

"पाट!" मी ओरडले. सगळं गुपित ठेवायचं होतं, पण तोंडातून निसटलंच.

"काय?"

"पाट करून राहिली, पाट! मी अन् वानखडे साहेब!"

तिकडून आवाज नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून आणखी जोरात, "तुले सांगनारच नव्हती आत्ता! म्हटलं, रश्मीच्या लग्नात सगळ्याइले एकदमच दाखवू!"

"पक्कं झालं?"

"पक्कं म्हंजे! खिळे ठोकून पक्कं! रविवारी उरकून टाकतो आमी!"

"अन् मले काहून नाही इचारलं?"

"तुले काय समजते त्याच्यातलं? तू आपली सरकी-ढेप ईक!"

फोन कट. मी म्हटलं, रेंज गेली असेल.

आता वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पाट म्हणजे बसायचं लाकडी आसन, हे खरंच. पण विधवेनं दुसरं लग्न केलं, की त्यालाही आमच्याकडे 'पाट केला' असंच म्हणतात. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण हातात रंधा आणि डोक्यात चार पाय असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही.

रविवारी दुपारी गॅरेजसमोर गाडी थांबली. कडक इस्त्रीचा सदरा घालून भास्कर उतरला. (उतरला की गाडी वर आली. आमचा भाऊ खाऊन-पिऊन सुखी आहे.) मागून त्याची बायको मंदा, हातात साडीचा खोका. तिच्यामागून रश्मी, हातात संत्र्याची पेटी. ती पेटी माझ्या वरूडच्या मावशीनं पाठवली होती, आशीर्वादासकट! माझ्या केसांत भुसा, साडीला डिंक. भास्कर मला पाहून हुंदकेच द्यायला लागला.

"ताई, पयले मले राग आला. लय आला! मंग मंदा म्हने, बहीन इतके वर्सं एकटी रायली, तुमी कदी इचारलं का, जेवली का म्हनून? लाज वाटली मले. आमाले मंजूर हाये, ताई!"

मला वाटलं, गॅरेजमधल्या कारखान्याला मंजुरी मिळाली. पण बोलला इतकं मनापासून, की माझेही डोळे भरून आले.

"मले वाटलं, तू हासशीन रे. म्हनशीन, या वयात काय हे!"

"हासाचं काय त्याच्यात? आजकाल सगळेच करतात."

एवढं बोलून त्यानं वानखडे साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला! साहेबांना वाटलं, सुतारकामाबद्दल सत्कार आहे. सरकारी नोकरीतला माणूस. अंगावर शाल पडली की भाषण आपोआप सुरू होतं.

"पुढाकार ताईंचाच," ते म्हणाले. "मी फक्त हो म्हटलं. सुरुवातीला जरा डुगडुगत होतं, पण आता जमलं. जुनं सागवान आहे, पण आतून ठणठणीत!"

मंदानं तोंडाला पदर लावला.

"दिवसभर आम्ही दोघं इथंच असतो," साहेब रंगात आले. "कधी त्या धरतात, कधी मी धरतो."

"पोरगी उभी हाये, साहेब!" भास्कर पुटपुटला.

मंदानं घाईघाईनं विषय बदलला. "अन् आता ऱ्हानार कुठं? हिकडच्या घरात का तिकडच्या?"

"छे छे," मी म्हणाले, "इथं कशाला ठेवायचा? अकोल्याला धाडायचा, रश्मीकडे!"

"कोनाले?"

"पाटाले!" मी म्हटलं आणि टेबलावरचं फडकं बाजूला सारलं. "हा काय, रश्मीच्या हळदीचा पाट!"

भास्कर पाटाकडे पाहतोय, मग माझ्याकडे, मग साहेबांच्या अंगावरच्या शालीकडे. रश्मी पहिल्यांदा फुटली. ती अशी हसली, की हातातली पेटी निसटून संत्री गॅरेजभर घरंगळली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी साडीच्या पदरात तोंड लपवलं. साहेब शेंदरासारखे लाल झाले.

"शाल परत करू का?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"राहू द्या, साहेब. थंडीत कामी येईन," भास्कर म्हणाला. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. "मले बसू द्या जरा!"

आणि त्यानं तो पाट टेबलावरून उचलला, खाली ठेवला आणि त्यावर बसला. मी "अरे, नको!" म्हणेपर्यंत कडाड्! चारी पाय चार दिशांना!

सगळे हसले. मला नाही हसू आलं. इतके दिवस हात सोलून केलेला पाट, आणि हळद तोंडावर आलेली. मी तिथंच भुशात बसून लहान पोरासारखी रडले. रश्मी माझ्याजवळ येऊन बसली.

"पायच तं तुटले ना, आत्या? फळी शाबूत हाये. मी याच्यावरच बसीन."

"बिनापायाच्या पाटावर?"

"मंग काय झालं? डुगडुगणार तं नाही!"

आणि पोरगी खरंच बसली हो! हळदीच्या दिवशी, जमिनीला टेकलेल्या त्या फळीवर, पाहुण्यारावळ्यांसमोर. मला इतका आनंद झाला, की सांगता येत नाही.

पण त्या रविवारी मंदानं वरूडला फोन करून 'ताईचा पाट मोडला' एवढंच कळवलं होतं. संध्याकाळी मावशीचा मला फोन.

"काहून वं बाई, एका दिवसातच मोडला? भास्कर आडवा आला काय?"

"आडवा नाही, मावशी. बसला."

"माणूस वाईट निंघाला काय?"

"नाही वं, माणूस सोन्यासारखा हाये. पाय कच्चे होते."

"अवं, मंग या वयात कोनाचे पाय पक्के रायतात? तेवढ्यासाठी मोडाचा नव्हता!"

मी मावशीला नंतर सगळं नीट समजावून सांगितलं. फक्त ते पाय भूमितीच्या शिक्षिकेनं स्वतः मोजून बसवले होते, एवढं मात्र सांगितलं नाही.