दोन हात नळी

हे मी सुमनलाही सांगितलेलं नाही. सुमन म्हणजे माझी बायको. चोरून खाल्लेली भजीसुद्धा मी तिच्यापुढे कबूल करतो, पण हे नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते मलाही माहीत नाही.

आधी बंबाबद्दल बोलू का? बंबाबद्दल बोलायला मला आवडतं — आणि तेवढाच मुद्दा थोडा लांबतो.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. सुरतेत कतारगामच्या बाजूला आमची पत्र्याची चाळ, नऊ खोल्या एका ओळीत. मी धरणगावहून आलेला, एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर. काजळीनं असा माखून घरी यायचो की भर उन्हाळ्यातही गरम पाण्याशिवाय माझा मूळ रंग सापडत नसे. (सापडूनही फारसा फरक पडत नसे, असं सुमन म्हणते.) म्हणून घरात तांब्याचा बंब. आणि धूर घरात नको म्हणून बंबाच्या डोक्यावर मी स्वतः बनवलेली पत्र्याची नळी — मागच्या भिंतीतून बाहेर काढलेली, आणि बाहेर तिला काटकोनात वळवणारं एक कोपर.

ते कोपर तुम्ही बघायला हवं होतं! शिवण अशी की पाणी भरलं तरी थेंब गळला नसता. अजूनही मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? खरं तर नळी सरळ छत फोडून वर काढायची असते. पण मग कोपर लागलंच नसतं — आणि मागच्या नळावर पाणी भरायला येणाऱ्यांनी बघितलं काय असतं? म्हणून तोंड पत्र्याच्या पाख्याखालीच ठेवलं. वाऱ्याचा अभ्यासही केला हं. कारखान्याच्या धुराड्याचा धूर कुठे जातो ते आठ दिवस निरखलं आणि त्याच दिशेला तोंड वळवलं. पौष महिन्यात. उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत, सरली की सुरतेचा वारा फिरतो आणि समुद्राकडून येतो, हे पतंग उडवणारा कुणीही मला सांगू शकला असता. पण बॉयलरवाल्यानं पतंगवाल्याला विचारायचं?

चैत्रात शेजारच्या रमणभाईंच्या बा, म्हणजे आई, खोकायला लागल्या. बांना दमा, त्यांची खाट मागच्या खिडकीशीच. खोकता खोकता त्या निळ्या पडायच्या. रमणभाईंच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला अनुसयाबाईंची. अनुसयाबाई आमच्या खानदेशातल्याच, नवरा गेलेला. भुशाच्या शेगडीवर पंधरा-वीस कामगारांचे डबे करायच्या. त्यांची कळण्याची भाकरी खाल्ली की माणूस गावी जाऊन आल्यासारखा व्हायचा. त्या डब्यांवरच त्यांचं घर चालायचं.

रमणभाई मला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेले. मागे अर्धी चाळ. "भाई, तमे तो बॉयलरवाळा. तमे ज कहो, आ धुमाडो कोनो?"

हा धूर कुणाचा, ते सांगायला मी डोळे मिटून वास घेतला. मला वाटतं, मी हातही वर केला होता — सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. गप्प बसले.

काय सांगू तुम्हाला? एका श्वासात कळलं. भुशाचा धूर लाकडासारखा लागतो. हा तेलकट होता — यंत्रमागांवरच्या चिंध्यांचा, ज्या मी बंबात जाळायचो. खिडकीच्या चौकटीवर काजळी होती, तीही माझ्याच बाजूला. माझा धूर पाख्याखाली अडकून भिंतीभिंतीनं सरकत बांच्या उशाशी उतरत होता.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "भुसा."

एवढंच? नाही हो. एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला? भुसा ओला असला की धूर कसा जड होतो, जड धूर कसा खाली बसतो — दहा मिनिटं बोललो. लोक माना डोलवत होते. अनुसयाबाईही ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ सांगतो म्हणजे खरंच असेल." आणि त्याच संध्याकाळी शेगडी उचलून मागे उघड्यावर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. "नळी साफ करतो," असं म्हणून मी कोपराचं तोंड वर फिरवलं, त्यावर दोन हात नळी चढवली — पत्र्याच्या वर, बांच्या खिडकीपासून दूर — आणि नळीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवली. बांचा खोकला आठवड्यात उतरला. रमणभाईंनी ताट भरून खमण पाठवलं. सगळी चाळ म्हणाली, धूर ओळखावा तर यानंच.

खमण मी खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

मग एकदा नळावर अनुसयाबाई भेटल्या. कळशी भरत होती आणि त्या वर बघत होत्या. "भाऊ, तुनी नयी वाढनी वाटस."

नळी वाढल्यासारखी वाटते — इतकंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नळावर आम्ही दोघंच होतो. म्हणजे लाज वाटायलाही कुणी नव्हतं, नाही का? त्यांच्या भाषेत, माझ्या आईच्या भाषेत मी म्हणालो, "नही वं बहिन, पहिलेपासून इतलीच शे."

त्यांनी कळशी उचलली. पुन्हा कधी विचारलं नाही.

आषाढात उघड्यावरची शेगडी पेटेना. डबे आधी कमी झाले, मग बंद पडले. अनुसयाबाई मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागल्या आणि दिवाळीआधी चाळ सोडून गोडादऱ्याकडे गेल्या. मी त्यांची ट्रंक हातगाडीवर चढवून दिली. त्यांनी मला आशीर्वाद दिला.

त्यानंतर मी लिंबायतपासून पांडेसऱ्यापर्यंत किती बंबांना नळ्या बसवल्या! प्रत्येक नळी छताच्या वर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब, आणि वारा दोन्ही ऋतूंत बघून. लोक लांबून बोलवायला यायचे. माझ्या एकाही नळीचा धूर कुणाच्या घरात गेला नाही — हे मी छाती फुगवून सांगत आलोय. आताही सांगतो. पहिली सोडून.

ती नळी मी वाढवली होती, अनुसयाबाई. दोन हात.