समोर येऊन बोला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर शेंगा फोडल्या. सकाळी ओट्यावर बसून. मी मुद्दाम एक पोकळ शेंग तिच्या बाजूला सरकवली. कारभारणीनं ती बोटांनी चाचपली आणि माझ्याच अंगावर फेकली. म्हणाली, "डोळं गेल्यात माझं, अक्कल न्हाय गेली." दुपारी जेवायचं विचारायला आत गेलो, तर बसल्या जागी संपलेली. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

उचगावात तिला गर्विष्ठ म्हणायचे. शेजारून गेली तरी ओळख देत नाही, बाजूनं कप पुढं केला तरी घेत नाही. तिचं एकच सांगणं असायचं, "समोर येऊन बोला. कडेचं मला दिसत न्हाय." खरं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. दिवेलागणीनंतर ती ओटा उतरायची नाही. रातांधळेपणा समजून आम्ही गाजरं खाऊ घातली.

आपल्या भावाची पोरगी तिनं आमच्या पोरासाठी पाळण्यातच सून म्हणून मागितली होती. लग्न तोंडावर आलं आणि तेव्हाच डॉक्टरांनी कारभारणीच्या डोळ्याचा पडदा तपासला. पहिलं विचारलं, आईबाप नात्यातले काय. होतेच, आते-मामेभावंडं. मग डॉक्टरांनी सांगितलं, एकच बिघडलेला जनुक आईकडूनही आला, बापाकडूनही आला, म्हणून पडद्यावरच्या पेशी मरत चालल्यात. आधी अंधारातलं आणि कडेचं दाखवणाऱ्या, मग मधल्या. एकीकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, पण पुढं पोरांना देऊ शकतो. तुमच्या मुलात तो आहेच, भाचीतही असेल, मग नातवंडांना दोन्हीकडून यायचा धोका. रक्तातून असलं काही उतरतं, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ती मात्र तशीच भावाच्या दारात गेली आणि लग्न मोडून आली. भाऊ म्हणाला, आमच्या घरात डोळ्याचं काही नाही, तुझं तुझ्यापाशी. भाऊबीजेलाही येईनासा झाला. पोरीला दुसरं स्थळही त्यानं हट्टानं नात्यातलंच बघितलं.

मैतीला मात्र आला. पंचगंगेच्या घाटावरनं परत फिरलो तेव्हा ऊन नुकतंच उतरलं होतं. तो पायरीवर थबकला. हळूच म्हणाला, "दाजी, एवढ्यात अंधार पडला व्हय?"

मला नदीपलीकडची म्हैससुद्धा दिसत होती. मी त्याचा हात धरून त्याला वर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं भेटायला येत होती. सुतक बघितलं नाही. मेहुण्याला रिक्षात घातलं, शेजारी त्याच्या पोरीला बसवलं आणि रिक्षावाल्याला डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला.