बँकेच्या भिंतीतलं माझं सिमेंट

आमच्या गावातली इंग्रजांच्या वेळची बँक पाडणार आहेत. तिच्या दाराला लावलेली 'धोकादायक इमारत' ही पाटी वाचली की माझं डोकं फिरतं.

कापसाच्या व्यापारासाठी गोऱ्या साहेबांनी ती बांधली. छातीएवढं जोतं, काळ्या दगडाच्या कमानी, आत बिडाचे खांब, माडीवर जाणारा सागवानी जिना. छत इतकं उंच, की मे महिन्यात काम झालं तरी माणसं आत उगाच रेंगाळत. पुढे कुण्या शहाण्याने त्या छताखाली थर्माकोलचं दुसरं छत ठोकलं. मग उकडतं म्हणून एसी आले, आणि एसीच्या नळ्यांसाठी कमानीला भोकं पाडली. असले उद्योग सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. पण सगळ्यात मोठा उद्योग माझाच.

तीस वर्षांपूर्वी मी नवा इंजिनीअर होतो आणि बँकेची दुरुस्ती माझ्याकडे आली. दगडांच्या सांध्यांतला चुना झडला होता, एवढंच. मी सिमेंटची पोती उतरवून घेतली. म्हातारा मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, सिमेंट काऊन भरून राह्यले? भितीतली ओल चुन्यातून बाहेर निंगते. तिले वाट ठेवा."

"मिस्त्री, चुना मुरवाले इतके दिवस कोणापाशी आहेत? सिमेंट पक्कं राह्यते."

त्याने थापी उचलली. सांगितलं तसं भरून दिलं. सांधे असे रेखीव दिसू लागले, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचो. काय तो माझा तोरा!

सिमेंट खरंच पक्कं निघालं. मागे अडकलेल्या ओलीने मात्र भिंतीच्या पोटातला चुना भुसभुशीत केला आणि यंदा रस्त्याकडची भिंत फुगली. छिन्नीने एक सांधा उकरला, तर आतून चिखल आला. भर बाजारात मला लाज वाटली.

सिमेंट काढून चुना भरा, भिंत अजून वाचते, चूक माझी होती, असा अर्ज मी मॅनेजरकडे दिला. तीन चकरा फुकट गेल्या. चौथ्या वेळी त्याने जुनी फाइल उघडून एक कागद पुढे सरकवला. दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला होता. 'ओलीचा कायमचा बंदोबस्त केला आहे,' आणि खाली माझी सही.

"सर, इमारत तपासाले आलेल्या समितीनं हाच कागद धरला. कायमची दुरुस्ती करूनही भित ओली, म्हणजे आता इमारतीतच काही राह्यलं नाही, असं त्यायनं लिवलं."

"अहो, पण तो दाखलाच चुकीचा आहे! मीच सांगून राह्यलो ना!"

"हाव सर. पण त्याच्यावर शिक्का आहे. तुमच्या अर्जावर कुठी आहे?"