सासूबाईंच्या नावाचा विमा

सासूबाई गेली अकरा वर्षं मरत होत्या आणि अजून त्यांना ते जमलेलं नव्हतं. असं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मनात मात्र सगळ्यांच्याच होतं, आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या सुनेच्या.

सुनेला गल्लीत कवळीवाली म्हणत. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये ती लग्नाआधीपासून कामाला होती. दंतवैद्याकडून हिरड्यांचं माप यायचं. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरून ती घासून चकचकीत करायची. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तुझ्या हातच्या दातांनी हसतात, असं लॅबचा मालक तिला सांगायचा. पगारवाढीचा विषय निघाला की हे तो सोयीस्कर विसरायचा.

सासूबाईंचे दातही तिनेच केलेले, आणि जीव ओतून केलेले. त्यावर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शेरा मारला होता, "टोचतात. पण तुझ्या हातचं सगळं टोचतंच."

त्यांची खाट आतल्या खोलीत अशी लावलेली होती की पडल्यापडल्या घराचं दार, स्वयंपाकघराचा ओटा आणि सुनेची पाठ, तिन्हींवर नजर राहील. चावत नाही म्हणून त्यांचं जेवण मिक्सरमधून निघायचं. भाजी, भात, पोळी, सगळ्याचा लगदा. कामाला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा कवळीवाली तो लगदा करायची, आणि सासूबाई तो तोंडात धरून, विष गिळल्यासारखा चेहरा करून गिळायच्या. मिक्सरचं भांडं घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

बाकी सासूबाईंचं मरण मोठं शहाणं होतं. ते कधी उगाच येत नसे. घरात बॅग भरली गेली की ते हमखास दाराशी उभं. भाचीचं लग्न निघालं, सासूबाईंना धाप लागली. नवराबायको चार दिवस डोंगरात हवा खायला निघाले, तर अर्ध्या वाटेवर नणंदेचा फोन, "आईचे डोळे फिरलेत, असाल तसे या." गाडी वळवून घरी आले तर डोळे जागच्या जागी आणि जीभ तर कायमचीच जागेवर. "आलात? आता कशाला आलात?"

आणि एकदा वडील. कवळीवालीचे वडील दुसऱ्या शहरात, इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते. ती बॅग घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि आतून सासूबाईंनी छाती धरली. नवरा म्हणाला, "आजच्या दिवस थांब, उद्या सकाळी जा." ती थांबली. सकाळी भावाचा फोन आला. बापाचं शेवटचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. तेव्हापासून त्या घरात तिने सासूला पाणी दिलं, औषध दिलं, पाठ चोळून दिली, पण माया म्हणून जे काही असतं ते तिने आटवून टाकलं. हे ती स्वतःशी कबूल करायची आणि तिला त्याची लाज वाटत नसे.

अशा बाईच्या डोक्यात क्रूझ शिरली ती समुद्र बघायला म्हणून नाही. लॅबमधली एक जण जाऊन आली होती. नाच, दिवे, बोटीवरचा पोहण्याचा तलाव, असं काय काय सांगत होती. कवळीवालीने त्यातलं एकच वाक्य उचललं. "बोट एकदा सुटली ना, की मग मधे उतरता येत नाही." गाडी वळवता येते. बोट कुणाच्या सासूसाठी वळत नाही. तिने जादा काम घेऊन साठवलेल्या पैशांतून दोन तिकिटं काढली आणि मग घरी सांगितलं.

नवरा पाणीपट्टीच्या कचेरीत होता. माणूस वाईट नव्हता, पण नुसतं वाईट नसून भागत नाही. आईसमोर मऊ, बायकोसमोर त्याहून मऊ, आणि दोघी एकदम समोर आल्या की चप्पल शोधायला लागायचा. तो म्हणाला, "मग विमा काढून घेऊ. न जाणो."

विमेवाला त्याच्या कचेरीतल्या मित्राचा भाऊ. रविवारी घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि सांगू लागला. विमा दोन भागांत होता. एक, बोटीवर तुम्ही आजारी पडलात तर औषधपाण्याचा. दुसरा, जाणं रद्द झालं तर तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा.

"रद्द म्हणजे कशामुळे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे घरातलं जवळचं कुणी..." विमेवाल्याने आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "गंभीर झालं, किंवा गेलं."

आतून आवाज आला, "मोठ्याने बोल. कान गेलेले नाहीत माझे."

नणंद तिथेच होती. ती दर रविवारी यायची, आईच्या उशाशी दार लोटून बसायची आणि निघताना डोळे पुसायची. ती फणकारली, "म्हणजे आईच्या मरणावर पैसे लावायचे? अरे, तुला हे ऐकवतं तरी कसं?"

"मी कुठे लावतोय, ताई? नुसतं विचारतोय."

विमेवाल्याने घसा साफ केला. अजून एक अडचण होती. माणूस आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला असेल तर कंपनी पैसे देत नाही. तब्येत स्थिर आहे असं डॉक्टरचं पत्र लागेल.

"म्हणजे मी ठणठणीत आहे असं लिहून आणणार?" सासूबाई खाटेवरूनच कडाडल्या. "अकरा वर्षं माझे हाल कुत्रा खात नाही, आणि हिला बोटीत बसायचंय म्हणून मी ठणठणीत? आणा बरं पत्र. त्या डॉक्टरसमोर जीव देते."

नवरा चप्पल शोधू लागला. आईला आजारी म्हणावं तर विमा नाही, बरी म्हणावं तर आई नाही. विमेवाला पुढच्या रविवारी येतो म्हणून निसटला. जाताना दारात नवऱ्याला म्हणाला, "काढून टाका साहेब. यांच्याकडे बघून वाटतं, लागेल."

त्याच संध्याकाळी सासूबाईंची वरची कवळी मधोमध तडकली. नणंदेने ती रुमालात गुंडाळून कवळीवालीच्या हातात दिली. "बेसिनमध्ये पडली गं. आईचा हात थरथरतो ना. बिचारी दात लावून करणार तरी काय, चावायला आहे काय तिला. पण तोंड बसकं दिसतं म्हणून लावते."

कवळीवाली ती लॅबमध्ये घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत तिने दिवा ओढला आणि कवळी उलटी करून बघितली. ती बघतच राहिली. दाढांवर तिने स्वतः ठेवलेले उंचवटे गुळगुळीत झिजून गेले होते, आणि उजवीकडचे तर पार सपाट. लगदा गिळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या तिच्याकडे वर्षानुवर्षं येत, त्यांच्या दाढा नव्यासारख्या कोऱ्या असत. ही कवळी रोज काहीतरी कडक फोडत होती. बेसिनमध्ये पडून टवका उडतो, मधोमध तड जात नाही. तिने बारीक ब्रशने तड साफ केली तर आतून फुटाण्याचं साल निघालं.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. सासूबाईंकडे दोन्ही होते. चणे मुलीने आणलेले आणि दात सुनेने केलेले. आणि त्यांचा तो मिक्सर, ते विष गिळणं, ते भेगा पडलेले हात! कवळीवालीने ते साल बोटावर घेतलं आणि तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. रविवारचं दार लोटणं तिला आता कळलं. पण रागाच्या पाठोपाठ दुसरं काही आलं आणि ते रागाहून वाईट होतं. जर हे खोटं, तर धाप खोटी, डोळे फिरणं खोटं. मग त्या दिवशीची छाती?

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. त्याने आईला विचारलं असतं, आईने रडून दाखवलं असतं आणि शेवटी माफी हिलाच मागायला लागली असती. तिने कवळी जोडली. काम चांगलंच केलं, कारण वाईट काम तिच्या हातून होत नसे. झिजलेल्या दाढा काढून नव्या, जास्त कडक बसवल्या.

रविवारी विमेवाला पुन्हा कागद घेऊन हजर. नवरा, नणंद, सगळे बसले. नवरा म्हणाला, "मी काय म्हणतो, काढूनच टाकू. डॉक्टरांशी मी बोलतो. आईला कळायचंही नाही."

"औषधपाण्याचा काढा," कवळीवाली म्हणाली. "रद्द होण्याचा नको."

"पण वहिनी," विमेवाला म्हणाला, "रद्द करायची वेळ आली तर? तिकिटाचे पैसे बुडतील ना."

"वेळ येणार नाही. मी रद्द करणारच नाही."

"आणि आईला काही झालं तर?" नणंदेने विचारलं.

"तर तुम्ही आहात, ताई. हे आहेत. मी बोटीवर असेन."

"अगं, काय बोलतेस? गेली तर?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"गेल्या तरी. तुम्हाला थांबायचं तर थांबा, मी अडवणार नाही. एकदा भरलेली माझी बॅग आता न जाताच परत उघडायची नाही."

इतकी वर्षं साठलेलं ते बोलणं तिने अगदी हळू आवाजात बोलून टाकलं. विमेवाल्याने मान खाली घालून कागदावरच्या 'रद्द'च्या रकान्यावर फुली मारली. 

सगळे उठल्यावर ती जोडलेली कवळी घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. सासूबाईंनी कवळी तोंडात बसवली, दात दोनदा एकमेकांवर आपटून बघितले. मग सुनेने पदराआडून वाटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. वाटीत फुटाणे होते.

सासूबाईंनी वाटीकडे बघितलं, उशीखालची कागदाची पुडी आणखी आत सारली, मग तिच्याकडे बघितलं. नजर काही खाली गेली नाही. ती त्या बाईची कधीच गेली नव्हती.

"कधी निघणार?"

"शुक्रवारी सकाळी. लक्षात ठेवा."

"ठेवते." त्यांनी वाटी बाजूला सारली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या वेळेला खरंच दुखत होतं."

 खरं असेल, खोटंही असेल. त्या बाईने आयुष्यात एवढं खोटं रचलं होतं की तिचं खरं दुखणंही आता कुणाला ओळखू येणार नव्हतं. सुनेला त्या घटकेला सासूची कीव आली आणि कीव आल्याचा आणखी राग आला. "दुखत असेल," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

शुक्रवारी सकाळी गाडी दाराशी आली आणि आतून "आई गं" ऐकू आलं. आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेल्या नणंदेने कोपऱ्यातून लगेच सूर धरला. नवऱ्याच्या एका पायात बूट होता, एक हातात. त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "येताय?"  त्याने पायातला बूटही काढला. तिने बॅग उचलली, उंबरा ओलांडला आणि गाडीवाल्याला निघायला सांगितलं.  बोट सुटल्यावर रिकाम्या शेजेकडे बघत ती रात्रभर जागी होती, आणि राहून राहून तिला वाटत होतं की या वेळी खरं असलं तर?

पहिल्या बंदराला बोट लागली तेव्हा फोन लागला. नवऱ्याने तो लगेच उचलला.

"आई कशा आहेत?" तिने विचारलं, आणि श्वास धरून ठेवला.

"बरी आहे गं. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली आणि ही उठून बसली. ताईही गेली घरी. आता भूक भूक करतेय. मी मिक्सर लावतोय, पण झाकणच बसत नाहीये. लगदा किती वेळ फिरवायचा?"

तिने धरलेला श्वास सोडला. "मिक्सर ठेवून द्या. त्यांच्या उशीखाली हात घाला."

"काय?"

"हात घाला, आणि जे मिळेल ते वाटीत काढून त्यांच्यासमोर ठेवा. दात माझ्या हातचे आहेत, काही होत नाही."

पलीकडे पावलं वाजली, सासूबाईंचा चिडका आवाज आला, कागद चुरगळला.  नवऱ्याने फोन ठेवला नव्हता, आणि तिनेही नाही. थोड्या वेळाने फुटाणे फोडल्याचा आवाज येऊ लागला, एकापाठोपाठ एक, न थांबता, आणि नवरा तिथे उभा राहून तो ऐकत होता.