चिंचेनं घासलेला रुपया

जुनी नाणी जमवायचा नाद शाळामास्तराला परवडणारा नव्हे. तरी चामोर्शीच्या आठवडी बाजारात सोनाराच्या परातीतली मोडीची चांदी चिवडल्याशिवाय माझा पाय निघत नसे. "मास्तर कचरा वेचून राह्यले," म्हणून बायको हसायची. पुढं तिला खोकला लागला, थुंकीत रक्त दिसलं, आणि ते हसणं थांबलं. चांद्याच्या डॉक्टरनं बऱ्याच महिन्यांच्या सुया सांगितल्या. माझ्या पगारात महिनाभराच्याही बसत नव्हत्या.

त्याच पावसाळ्यात परातीत एक काळं पडलेलं नाणं सापडलं. अमेरिकेचं. मोकळ्या केसांची बाई, तिच्याखाली झिजलेला, पण वाचता येणारा सतराशे नव्वदच्या घरातला सन. चामोर्शीत ते कसं आलं, देव जाणे. कागदावर ठसा उमटवून नागपूरच्या एका पारख्याला पाठवला. त्याचं इंग्रजीत उत्तर आलं: अस्सल दिसतं, मोठी किंमत येईल, आहे तसंच आणा, पुसूसुद्धा नका. किमतीचं तेवढं मी बायकोला वाचून दाखवलं. शेवटचं सांगायचं राहिलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी माझी गत.

निघायच्या दिवशी तिनं नाणं हातावर ठेवलं. लखलखीत.

"अजी, एवढ्या मोठ्या मानसापाशी काळा रुपया काऊन न्याचा? चिंच-राखेनं चांगला घासून देल्ला."

लक्ष्मीपूजनाचे रुपये आमच्याकडे असेच घासतात. मी तापट माणूस, एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. चूक माझीच होती.

पारख्यानं भिंग लावलं. "सन गेला, केस गेले. मास्तर, आता ही नुसती चांदी."

चांदीच्या भावात विकलं. थोड्या सुया आल्या.

"मी घासला म्हणून भाव आला ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

सुया दिवाळीआधीच संपल्या. ती अंथरुणातून उठेनाशी झाली. एका बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो, तर तिनं हाक मारली.

"अजून एखादा तसा भेटते का पाहा ना. मले चिंच अन् राख इथीच आणून द्या, मी बसल्या बसल्या घासून देतो."

पाहतो, म्हणालो आणि बाजारात गेलो. सोनाराच्या दुकानाकडे वळलोच नाही.